अण्णांचा तिसरा पुकारा

त्रिंबकरावांच्या मते मराठवाड्यात दोनच तल्लख मेंदू होते. दुसरा कोणाचा, हे त्यांनी अजून जाहीर केलं नव्हतं. माजलगावात कुकर-दुरुस्तीच्या दुकानावर 'खासगी गुप्तहेर' अशी भलीमोठी पाटी लावून ते गुप्तपणे काम करत. पुतणी मंजुषा त्यांची मदतनीस. पगार म्हणून तिला अनुभव मिळे.

आज भानगड मोठी होती. माजी सभापती राधाकिशन ऊर्फ अण्णा गायब होते. दुष्काळात अण्णांनी गुरांच्या छावणीसाठी सरकारी चारा उचलला, पण छावणीत गुरंच नव्हती, असा खटला होता. आज तारीख. अण्णा हजर झाले नाहीत, तर जामीन रद्द आणि मुक्काम तुरुंगात. वकील शेजारच्या कोर्टात अडकलेले. शिपायाने "राधाकिशन भीमराव" असा पुकारा दोनदा केला होता, तिसरा शेवटचा.

"फोन बंद हाय," कोर्टाच्या व्हरांड्यात अण्णांच्या पत्नी केशरबाई म्हणाल्या. "सकाळी एकटेच निघाले. वकिलानं सांगितलं हुतं, पांढरी कापडं नगं, गाडी नगं, गर्दी नगं."

"अपहरण," त्रिंबकराव म्हणाले. "विरोधकांनी केलं."

"काका, अण्णा परवाच विरोधकांत गेलेत."

"मग जुन्या पक्षानं."

"कोणत्या जुन्या?"

त्रिंबकरावांनी विषय बदलून भिंग काढलं. "चाकाची खूण. अण्णा हैदराबादला पळाले."

"ही हातगाडीची आहे."

"म्हणजे सावकाश पळाले."

आवारातल्या लिंबाखाली चौकड्याचा शर्ट घातलेला एक गृहस्थ शेंगा खात बसला होता. त्रिंबकरावांनी त्याला गाठलं. "राधाकिशन भीमराव दिसले का?"

"न्हाई बा. कोण हाय त्यो?"

"आरोपी."

"मग आसंल हितंच कुठंतरी. शेंगा घ्या."

"साक्षीदार निरुपयोगी," त्रिंबकरावांनी शेंगा घेत निष्कर्ष काढला.

एवढ्यात केशरबाई व्हरांड्याच्या कडेला आल्या आणि म्हणाल्या, "आवं, आयकलं का?"

चौकड्याचा शर्ट टरफलं झटकत उभा राहिला.

"दोन पुकारे झाले की तुमच्या नावाचे."

"माझ्या? अण्णा म्हणून कुठं कोण वरडलं? मला वाटलं, राधाकिशन कुणी दुसराच हाय."

बॅनरवरसुद्धा गेली कित्येक वर्षं नुसतं 'अण्णा' असे, आणि वर काळा चष्मा. मंजुषाला त्यांना न ओळखल्याची फारशी लाज वाटली नाही. त्यांनी स्वतःलाच ओळखलं नव्हतं.

तिसऱ्या पुकाऱ्याला अण्णा धापा टाकत आत शिरले. न्यायाधीशांनी शर्टाकडे पाहिलं. "राधाकिशन ते तुम्हीच कशावरून?"

आधार कार्ड गाडीत होतं आणि गाडी घरी.

"मालकीण हाय माझी. तिला इचारा."

"बाई, यांचं नाव सांगा."

केशरबाई लाजल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी उखाण्याशिवाय कधी घेतलंच नव्हतं. अण्णांना वाचवायचं तर आता घ्यावं लागणार होतं. त्यांनी पदर सावरला, क्षणभर यमक जुळवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"ना गाय, ना म्हैस, छावणी होती रिकामी;
राधाकिशनराव तरी आले सगळ्यांच्या कामी."

अण्णा मटकन खाली बसले.

"ओळख पटली, असं लिहा," न्यायाधीश लिपिकाला म्हणाले. "आणि उखाणाही पूर्ण लिहून घ्या."