सोमाचं ॲडमिशन

महाडच्या विशेष मुलांच्या उपचार-शाळेत प्रवेश देण्याची रीत वरवर साधी होती. मुलाने एक सकाळ तिथे काढायची आणि परक्या माणसाला निदान एकदा तरी आपणहून काही द्यायचे. शब्द, हसू, ठोकळा, काहीही. सात वर्षांचा सोमा मात्र आल्यापासून लाल ठोकळा मुठीत धरून खिडकीतल्या उन्हाकडे पाहत बसला होता. दासगावच्या शाळेने त्याला केव्हाच घरी पाठवले होते. इथेही नकार मिळाला तर पुढे कुठे जायचे, या विचाराने त्याची आई रखमा बाहेर ओट्यावर पदराला पीळ घालत होती.

"दे ना रे मला," शाळेच्या प्रमुख बिल्किसबाई पुन्हा हात पुढे करून म्हणाल्या.

सोमाने मूठ अधिकच आवळली.

तिकडे मायलेकरांना महाडला सोडून दासगावात परतलेल्या टेम्पोवाल्या मुख्तारने शेजारच्या प्रयागबाईंना वर्दी दिली, "मावशी, सोम्याचं आज ॲडमिशन हाय."

प्रयागबाईंच्या हातातले सूप गळाले. "अरे मेल्या, सकाळी तर पोर बरा व्हता! काय झाला त्याला?"

"मला काय ठाव? रखमावैनी रडत व्हती."

एवढे पुरे झाले. आजाऱ्याच्या भेटीला कोणी रिकाम्या हाताने जात नाही. शहाळी, मोसंबी, बिस्किटे, पेजेचा डबा आणि एक गोधडी यांच्यासह निम्मी आळी त्याच टेम्पोत चढली.

"कुठल्या खाटेवर हाय गो माझा सोमा?" शाळेच्या दारातच प्रयागबाईंनी हंबरडा फोडला.

रखमा धावत आली. "मावशी, गप ऱ्हा! शाळा हाय ही. ॲडमिशन शाळेतपण आसता!"

"कायतरीच तुझा! शाळेत नाव घालतात. ॲडमिशन दवाखान्यात!"

"आता तुमच्या गलक्यानं नावबी नाय घालायचे कोण!"

सगळी माणसे ओशाळून ओट्यावर ओळीने बसली. तो परिचित कोलाहल ऐकून सोमा बाहेर आला. बिल्किसबाईंनी त्याला अडवले नाही. त्याने ठोकळा खाली ठेवला, बिस्किटांचा पुडा फोडला आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बिस्कीट ठेवीत तो गंभीरपणे पुढे सरकू लागला. रोग्यानेच भेटीला आलेल्यांची विचारपूस करावी, असा त्याचा थाट होता. ओळ संपली. तो वळला, मागे उभ्या असलेल्या बिल्किसबाईंकडे त्याने क्षणभर निरखून पाहिले आणि त्यांच्याही हातावर एक बिस्कीट ठेवले.

बिल्किसबाईंनी मूठ मिटली. 

"रखमाबाई, झालं ॲडमिशन."

रखमा हसत होती की रडत होती, ते तिचे तिलाही सांगता आले नसते. प्रयागबाईंचे समाधान मात्र झाले नव्हते.

"ते झाला गो बाय, पन पोराला डिचार्ज कवा देशील?"

"रोज संध्याकाळी," बिल्किसबाई म्हणाल्या आणि त्यांनी बिस्कीट खाल्ले.