बाप्तिस्मा एकदाच असतो

कित्येक महिने सलग झोप न मिळालेल्या बाईच्या देवाकडे फारशा मागण्या नसतात. बाळाचा बाप्तिस्मा एकदाचा उरकावा आणि दोन्ही आज्यांची "कधी? कधी?" ही भुणभुण थांबावी, एवढंच तिला हवं होतं. नवऱ्याला चर्चपर्यंत आणायलाच आठवडाभर भांडावं लागलं होतं. "डोकं ओलं करून काय होतं?" हा त्याचा ठरलेला सवाल.

फादरही दमलेलेच होते. सकाळपासून बाप्तिस्मेच चालले होते. त्यांनी सवयीने विचारलं, "आधी बाप्तिस्मा झालेला नाही ना?"

"नाही," ती म्हणाली.

सासूबाई खोकल्या. तो खोकला खरा नव्हता, हे सुनेला लगेच कळलं.

"तसा झालाय," त्या म्हणाल्या. "अंघोळ घालताना मीच दिला. तुम्ही तारीख पुढे ढकलताय, इकडे माझा जीव टांगणीला!"

"शब्द कोणते म्हटलेत?" फादरांनी विचारलं.

"पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. डोक्यावर पाणी घालून, अगदी रीतसर."

फादरांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "करायला नको होतं, पण झाला तो झालाच. आता पुन्हा देता येणार नाही."

"मग माझा कुठे गेला?" तिची आई उसळली.

"आई, तूसुद्धा?"

"इस्पितळातून घरी आणलं त्याच दिवशी. मोरीत. विहीणबाईंच्या कितीतरी आधी!"

"आणि मला कळू दिलं नाहीत?" सासूबाईंनी पदर खोचला.

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

वेदीसमोरच दोघींची जुंपली. फादर कपाळाला हात लावून म्हणाले, "जो पहिला, तोच खरा. नंतरचे सगळे अंघोळीत जमा."

"फादर, तुम्ही करून टाका ना," ती रडवेली झाली. "आणखी एकदा भिजलं तर काय विरघळणार आहे?"

"ते माझ्या हातात नाही, बाई."

"पहिला माझा आहे," नवरा म्हणाला.

दोन्ही आज्या गर्रकन वळल्या.

"जन्मल्यावर रडलाच नाही तो. काचेच्या पेटीत ठेवला होता. नर्स म्हणाली, काही सांगता येत नाही. मी तिलाच ते शब्द विचारून बाटलीतलं थोडं पाणी..." तो बुटांकडे बघत राहिला. "निम्मं तर माझ्याच बाहीवर सांडलं."

"पण तुझा तर विश्वासच नाही!" ती म्हणाली.

"माझा नाही. तुझा आहे ना? तू ऑपरेशननंतर शुद्धीवर नव्हतीस. त्याला काही झालं असतं, तर तू उठल्यावर पहिलं हेच विचारलं असतंस."

तिने बाळ त्याच्या हातात दिलं आणि ती भर चर्चमध्ये हमसून हमसून रडायला लागली.

फादरांनी चष्मा पुसला आणि तेलाची कुपी उघडली. "जिवावर बेतलं असताना कुणीही दिलेला चालतो. आता तेल लावायचं आणि मेणबत्ती पेटवायची तेवढी राहिलीय," ते त्याला म्हणाले. "धरा नीट. या वेळी सगळ्यांसमोर करू या."