शेवटच्या पानावरचा शिंपी

घर आवरणं ही कला आहे आणि ती मला येते, असं मी गेल्या महिन्यापर्यंत कुणालाही छातीठोकपणे सांगत असे. माझी नोकरीही तशीच आहे. एका औषध कंपनीच्या गोदामात कुठलं खोकं कुठल्या फळीवर जाईल हे मी ठरवतो. ज्याला अख्खं गोदाम सांभाळता येतं त्याला घरातली कपाटं काय जड आहेत, असा माझा समज होता. फक्त एक गोष्ट या समजात बसत नव्हती. माझी कॉमिक्स.

'कप्तान झंझावात'चे अंक मी शाळेत असल्यापासून जमवत आलो. महिन्याला एक पातळसा अंक यायचा. मालिका बंद पडली तोवर त्या अंकांनी पलंगाखालचा खण भरला होता, कपाटाचं डोकं भरलं होतं, आतल्या खोलीत खोक्यांची चळत लागली होती, आणि एक खोकं कपडे धुण्याच्या मशीनवर जाऊन बसलं होतं. मशीन फिरायला लागलं की ते थरथरत कडेपर्यंत यायचं आणि उडी मारू की नको अशा विचारात पडल्यासारखं थांबायचं. प्रत्येक अंक पारदर्शक पिशवीत, पाठीला पुठ्ठा, तोंडाला चिकटपट्टी. घरात कुणालाही त्यांना हात लावायची परवानगी नव्हती. तशी मलाही नव्हतीच म्हणा. हात धुवा, पुसा, पंखा बंद करा, चिकटपट्टी अलगद सोडवा, एवढं होईपर्यंत वाचायची हौसच फिटून जायची.

बायको गणिताची शिक्षिका आहे. ती भांडत नाही, उदाहरण घालते. एके दिवशी भाजी निवडता निवडता तिने घातलं, "एका घराला दोन खोल्या आहेत. त्यातली एक खोली खोक्यांनी व्यापली आहे. महिनाभराने माझी आई राहायला येणार आहे. तर आईने झोपायचं कुठे?"

उदाहरण सोपं होतं आणि नेमकं त्याच आठवड्यात त्याचं उत्तर बाजारात आलं. कप्तानच्या सगळ्या कथा तीन जाडजूड खंडांत निघाल्या. कापडी बांधणी, गुळगुळीत कागद, पाठीवर सोनेरी अक्षरं. इतकी वर्षं मी खोल्या अडवून जे सांभाळत होतो ते सगळं एका फळीवर मावणार होतं. मी खंड घेऊन आलो, फळीवर मांडले, दोन पावलं मागे सरकून पाहिलं, आणि माझं मलाच कौतुक वाटलं.

आता सुटे अंक राहिले. रद्दीत घालायला जीव होईना. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर दातांचे डॉक्टर बसतात. त्यांच्याकडे ताटकळणाऱ्या लोकांना हिरड्यांच्या चित्रांशिवाय बघायला काही नव्हतं. मी सगळे अंक त्यांना नेऊन दिले. मोठ्या मनाने दिले. पिशव्या मात्र काढून घेतल्या.

एक गोष्ट मी बायकोला सांगितली नाही. खंड देखणे होते, पण वाचवत नव्हते. मांडीवर घेतला तर पाय बधिर व्हायचे. टेबलावर ठेवला तर मिटायचा. दुपारी आडवा होऊन पहिला खंड उघडला, तर कप्तानने समुद्रात उडी घेतली त्याच क्षणी खंडाने माझ्या नाकावर घेतली. त्यानंतर मी तो फळीवरच बघू लागलो.

महिनाभराने, एका रविवारी, सासूबाई आल्या. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यामुळे की काय, स्वतः फारसं बोलत नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमचा संवाद एकच. मी विचारतो, प्रवास कसा झाला. त्या म्हणतात, बरा झाला. मग परत निघताना मी म्हणतो, सांभाळून जा. माणूस म्हणून त्या मला आवडायच्या, पण आमच्यात बोलण्यासारखा विषयच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर त्या पलंगापाशी गुडघ्यांवर बसून रिकामा खण न्याहाळत होत्या. मला पाहून उठल्या.

"जावईबापू, ते सुटे अंक कुठे गेले?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! माझ्या व्यवस्थितपणाबद्दल कुणीतरी आपणहून विचारत होतं. मी त्यांना फळीपाशी नेलं, खंड दाखवले, कागदाला हात लावून बघायला लावला, जागा किती वाचली तेही सांगितलं. त्यांनी चष्मा चढवला, तिसरा खंड टेबलावर घेतला आणि चक्क मागून चाळायला सुरुवात केली. चाळून झाल्यावर म्हणाल्या, "यात शिंपी नाही."

मला वाटलं, ब्लाउज शिवायचाय. मी त्यांना मागच्या गल्लीतल्या शिंप्याचा पत्ता सांगितला, तो वेळेवर देत नाही पण हात चांगला आहे, हेही सांगितलं. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की राँग नंबर लागलाय हे मला कळलं.

मग त्या बोलल्या. मी त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. प्रत्येक सुट्या अंकाच्या शेवटच्या पानावर एक चार चौकटींची छोटी चित्रमालिका असायची. एक उंच शिंपी, त्याचं दुकान तळघरात, दाराची चौकट ठेंगणी. वरच्या मजल्यावर गाणं शिकवणारी एक बाई. शिंप्याला तिला काहीतरी सांगायचं असतं. दर महिन्याला तो बटण, फीत, उसवलेला पदर असलं काहीतरी निमित्त काढून निघतो, चौकटीवर डोकं आपटतो आणि सांगायचं राहून जातं. सासूबाई दर मुक्कामाला, मी कामावर गेलो की, पिशवीतून एकेक अंक काढून ते पान वाचायच्या आणि चिकटपट्टी होती तशी लावून ठेवायच्या. मला कधी पत्ता लागला नाही. कप्तान त्यांनी एकदाही वाचला नव्हता. आता शेवटचे थोडेच अंक राहिले होते, आणि शिंपी सांगतो की नाही ते बघायला त्या या खेपेला आल्या होत्या. लेकीला भेटायलाही आल्या होत्या, हे त्यांनी जरा मागाहून जोडलं.

खंड काढणाऱ्यांनी कप्तानच्या कथा तेवढ्या घेतल्या होत्या. शिंपी, कोडी, वाचकांची पत्रं, सगळं गाळलं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही हा शिंपी आठवेना. इतकी वर्षं जमवलं, पण शेवटचं पान आलं की मी अंक मिटून पिशवीत घालत होतो.

सासूबाई रागावल्या नाहीत. असू दे, म्हणाल्या. खंड जागेवर ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या. ते पाहून मला रागावल्या असत्या तर बरं, असं वाटलं. बायको अजून शाळेतून यायची होती. मी चप्पल घातली आणि तळमजल्यावर गेलो. मनात म्हटलं, शेवटचे अंक मागून घ्यायचे आणि चहा उकळायच्या आत वर यायचं.

दवाखान्याच्या टेबलावरच्या बाईंनी माझी ही योजना पहिल्याच वाक्यात मोडली. अंक परत मिळणार नाहीत, म्हणाल्या. लोक क्रमाने वाचताहेत, काही जण तर दुखत नसतानाही तपासून घ्यायला येतात. मी म्हटलं, बरं, निदान बसून वाचतो. तर म्हणाल्या, खुर्च्या फक्त पेशंटसाठी आहेत.

"मी पेशंटच आहे," मी म्हणालो. "दाढ दुखतेय."

कुठली, असं त्यांनी विचारलं. मी गालाला हाताला येईल तिथे बोट लावलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मला बसायला सांगितलं.

शेवटचा अंक शाळेच्या बसच्या ड्रायव्हर बाईंच्या हातात होता. मी त्यांच्या शेजारी बसलो. त्या सावकाश वाचत होत्या. बसही इतकी सावकाश चालवत असतील तर मुलं नक्की सुखरूप घरी पोचत असणार. मी त्यांच्या खांद्यावरून डोकावलो तर त्यांनी अंक पलीकडे वळवला. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी पुढच्या माणसाला म्हटलं, तुम्ही जा आधी. तो आभार मानून गेला. पुन्हा पुकारलं, मी एका आजोबांना पुढे काढलं. तिसऱ्यांदा एका मुलीला काढलं. ती फक्त आईची वाट बघत बसली होती.

हा माझा चांगुलपणा नसून भीती आहे, असं एव्हाना सगळ्या खोलीने ठरवून टाकलं होतं. आजोबा बाहेर येऊन मला म्हणाले की काही दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं. ड्रायव्हर बाईंनीही अंक खाली न ठेवता माझ्या पाठीवर थोपटलं. टेबलावरच्या बाईंनी हळूच फोन उचलला आणि कुणाशीतरी खालच्या आवाजात बोलल्या. कुणाशी, ते मला तेव्हा कळलं असतं तर मी पळून तरी गेलो असतो.

शेवटी डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि लग्नात नवरदेवाला बोहल्यावर नेतात तसं मला हाताला धरून आत घेऊन गेले. खुर्चीत बसवलं, दिवा तोंडावर घेतला. मी दाखवलेली दाढ ठणठणीत आहे, हे त्यांनी लगेच सांगितलं. मी उठायला लागलो. त्यांनी मला परत दाबून बसवलं. तिच्या शेजारची पार पोखरलेली होती.

"इतकी किडली आणि तुम्ही आत्ता येताय?" ते म्हणाले.

मी काहीतरी बोलायच्या आत सुई टोचली. मुंगी नव्हती, निदान विंचू असावा. मग तोंडात आरसा, नळी आणि दोन बोटं घालून डॉक्टर माझ्याशी गप्पा मारू लागले. अंक फार उपयोगी पडले, म्हणाले. एक अंक वाचून होईपर्यंत आत एक दाढ भरून होते, अगदी मापाचं काम. मागे एकदा त्यांनी एक जाड कादंबरी ठेवून पाहिली होती, तर पेशंट आत यायलाच तयार होईनात. तुमचं काय मत, असं त्यांनी मला विचारलं. मी नळीतून मत दिलं.

बाहेर आलो तेव्हा अर्धा चेहरा माझा आणि अर्धा उसना होता. आणि समोर बायको उभी होती, खांद्याला शाळेची पिशवी तशीच. टेबलावरच्या बाईंनी घरी फोन केला होता की तुमचे मिस्टर फार घाबरलेत, कुणीतरी सोबतीला या. ती आणि सासूबाई धावत खाली आल्या होत्या.

"दाढ दुखत होती तर सांगायचं ना मला," बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी खरं ते सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, अंक. पण ओठ हलत नव्हता, तोंडातून 'अंग' निघालं.

"अंग? अंगही दुखतंय?" तिने माझ्या कपाळाला हात लावला.

मी मान हलवून नाही म्हणालो, तर तिने मला खुर्चीत बसवलं आणि पाणी आणायला गेली. तेव्हा मला सासूबाई दिसल्या. त्या ड्रायव्हर बाईंच्या शेजारी बसल्या होत्या आणि दोघींच्या मध्ये तो अंक उघडा होता. शेवटच्या पानावर.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या सुजलेल्या गालाकडे. मी इथे कशासाठी आलो होतो ते त्या खोलीत त्यांना एकट्यांना समजलं. त्यांनी खुणेने मला जवळ बोलावलं, अंक हातात घेतला आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागल्या. एक्स्चेंजमधला तो जुना, स्वच्छ आवाज. आजोबा घरी जायचे थांबले. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले.

पहिल्या चौकटीत शिंपी जिन्याकडे निघालेला. दुसरीत त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटतं. तिसरीत जिन्यावर पावलं वाजतात, या खेपेला वरून खाली येणारी. चौथीत गाणं शिकवणारी बाई त्याच्या दारात उभी आहे, तीही कपाळ चोळते आहे, आणि म्हणते, "आता तरी बोला. माझी सगळी बटणं लावून झाली."

आजोबांनी टाळी वाजवली. ड्रायव्हर बाईंनी डोळे पुसले. मला इतकं हसू आलं की उजवीकडचं हसलं आणि डावीकडचं तसंच राहिलं, त्यामुळे ती मुलगी आईला जाऊन बिलगली.

सासूबाईंनी अंक मिटला. "मला ठाऊकच होतं," त्या म्हणाल्या. "त्याच्याच्यानं होण्यातलं नव्हतं ते."

एवढंच. ज्यासाठी मी दाढ पणाला लावली त्या शेवटाबद्दल एवढंच. पण मग त्या माझ्याशी बोलायला लागल्या. बटणाचं निमित्त त्याने आधी किती वेळा केलं, तिला केव्हाच कळलं होतं की नाही, आणि मला काय वाटतं. मी अर्ध्या तोंडाने उत्तरं देत होतो आणि त्यांना सगळी कळत होती. खराब लाइनवरून ऐकायची सवय असणार.

टेबलावरच्या बाईंनी सांगितलं की दाढेचं काम अजून पुष्कळ आहे, महिनाभर तरी यावं लागेल. सासूबाई खरं तर त्याच आठवड्यात परत जाणार होत्या. त्यांनी अंकांच्या गठ्ठ्याकडे एक नजर टाकली आणि बायकोला म्हणाल्या की तिकीट रद्द कर, यांचं सगळं नीट होईपर्यंत मी राहते, आणि दर वेळी इथे सोबतीला मीच येईन.

जिना चढताना बायकोने माझा दंड घट्ट धरला. "बघितलंस?" ती म्हणाली. "आईचा तुझ्यावर किती जीव आहे."

मी गालाकडे बोट दाखवलं. तोंडातली बधिरता चांगली रात्रीपर्यंत टिकेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि मी त्या सबबीचा पुरेपूर फायदा घेतला.