पाचव्या क्रमांकाच्या निवाड्याची हकीकत

श्री. तिन्ही दांड्या आणि दोन्ही बेल्स जागचे जागी असोत. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, कार्तिक मासी एके दौलतीत मोठी मसलत जाहली, ती येणेप्रमाणे.

दौलत म्हणजे चहाचे हॉटेलाबाहेरील दोन बाकडी. सरदार सात, सातही पेन्शनर, आणि तीस वर्षांत एकानेही बॅट धरिली नव्हती, म्हणोनच फलंदाजीचे तंत्राविषयी कोणांस तिळमात्र शंका नव्हती. दर कसोटीआधी सातांनी बैसोन अकरा असामी पाटीवर लिहाव्या आणि मग खऱ्या निवड समितीने भलतेच अकरा जाहीर करोन अपेश घ्यावे, ऐसा शिरस्ता. आणि ज्याचे घरचा माणूस मसलतीत निघेल त्याने उठोन समोरील पानाचे गादीवर जावे, हा दुसरा शिरस्ता. जगन्नाथपंत केळुसकर, एसटीतून निवृत्त, यांचे चिरंजीव सुहासराव कसोटीत पाचवे खेळत. सबब पाचवा क्रमांक निघतांच पंत दोन वर्षे मुकाट उठत आणि खात नसोनही पान बांधोन आणीत.

ते समयी सुहासराव सहा डावांत पाच वेळां स्लिपमध्ये झेल देवोन माघारा आले होते. मग सावळारामबापू तारी, पूर्वीचे पंच, बोलिले, "बॅट गलीकडून तिरकी उतरते त्याची. चेंडू जरा बाहेर निघाला की कड लागलीच." आणि प्रभाकर मास्तर तांबडे होवोन बोलिले, "मागच्या वर्षी शतक मारलं तेव्हा काय सरळ उतरत होती? तेव्हा पेढे कोणी खाल्ले, बापू?" मग हात वर केले, तों तीन ठेवा आणि तीन काढा. तेव्हां शिरस्ता मोडोन पंतांस गादीवरोन बोलाविले आणि बापूंनी पुसिले, "जगन्नाथ, आता तूच सांग. ठेवायचा की काढायचा?"

पंत उभेच राहिले. मग बोलिले, "घराशेजारच्या बोळात मीच शिकवलं त्याला. लेगला भिंत. बॅट घासायची. नवी बॅट खराब होईल म्हणून मीच म्हटलं, बाहेरून उचल." आणि पाटी ओढोन बोलिले, "काढा." आणि अंगठ्याने नांव स्वतः पुसिले. बखरकारास वाईट वाटले, ते लपवीत नाही.

दुसरे दिवशी खबर आली की समितीनेही सुहासराव यांस वगळिले. दौलतीची पाटी आणि समितीची यादी या एका नांवापुरती प्रथमच मिळाली, तरी चहा कोणी मागविला नाही. इतक्यांत पंतांचा फोन वाजला, आणि पंतांस ऐकूं कमी, सबब स्पीकर चालू, सर्वांनी ऐकिले.

"बाबा, कळलं ना?"

"कळलं. जेवलास?"

"जेवलो. बाबा, तुम्ही समितीत असता तर घेतलं असतं मला?"

सहाही सरदार रस्त्याकडे पाहों लागले. पंत बोलिले, "घेतलं असतं. डोळे मिटून."

मग सुहासराव बोलिले, "मी नसतं घेतलं, बाबा."

ऐसी हकीकत. ते कसोटीस दौलतीने दहाच असामी लिहिल्या. निवाडा खरा, फोनवरील जबाब खोटा, आणि दोहोंसही सातांची संमती. इति.