लाडूबाईंचा दिवेलागणीचा दरबार

श्रीदिनमणीस नमन करून हकीकत लिहिली जाते ऐसीजे. शके १८९३, विरोधकृत नाम संवत्सरी, खाडीकाठच्या मिठागरांचे राज्यात जे वर्तले ते ऐकिले तैसे येथे घातले आहे. ते समयी गादीवर राजे सुभानराव होते आणि त्यांची राणी गजराबाई ही त्यांच्या सख्ख्या मामांची कन्या होती, म्हणजे राजमाता थोरल्या बाईसाहेब या राणीच्या सासूही आणि आत्याही. घरची मुलगी घरात आली म्हणून लग्नात सर्वांस संतोष जाहला. मग कन्या जाहली, नाव लाडूबाई ठेविले. कन्या तान्ही असता कोवळ्या उन्हात घटकाभर निजविली, आणि तिचे मुख भाजल्यासारखे लाल जाहले, फोड आले, आणि पुढे वर्षागणिक गालांवर काळे ठिपके पडत गेले, डोळे उजेडास मिटू लागले. लेप जाहले, अनुष्ठाने जाहली, गुण आला नाही. मग थोरल्या बाईसाहेब चारचौघींत बोलिल्या की, “आमच्या कुळात असे कधी नव्हते. हे सुनेच्या अंगातले.” गजराबाईंनी ते ऐकिले, आणि त्यांच्याही मनाने तेच घेतले. न्हाऊ घालताना त्या लेकीचे ठिपके बोटांनी पुसून पाहात.

त्या राज्याचा शिरस्ता ऐसा की, वारसास सातवे सरले म्हणजे येत्या रथसप्तमीस भर दुपारी दर्याबुरुजावर बसवावे आणि रयतेने मुजरा करावा, मग तो वारस खरा. लाडूबाईंस सातवे सरले. त्याच साली तिच्या नाकाच्या शेंड्यावर एक गाठ आली, आणि ती बरी होईना, रक्त येऊ लागले. थोरल्या बाईसाहेबांनी पुत्रास सांगितले, “सप्तमीस पोर बुरुजावर बसली तर बसली. नाहीतर दुसरे लग्न करा.” राजे खाली मान घालून उगे राहिले. गजराबाई म्हणाल्या, “इकडून काही बोलणे का होत नाही?”

तेव्हा राणीने थोरल्या शहरातून डॉक्टरीण सरलाबाई चौबळ यांस बोलाविले. बाई बोलण्यात रोखठोक. त्यांनी गाठ काढिली, कातडीचा तुकडा तपासणीस नेला आणि पौषात स्वतः परत आल्या. खिडक्यांस जाड पडदे लाविले होते, राजे, राणी आणि थोरल्या बाईसाहेब समोर बसल्या होत्या. सरलाबाई म्हणाल्या, “शरीराच्या प्रत्येक पेशीत डीएनए म्हणून दोन पदरी दोर असतो. पेशीने कसे चालावे ते त्यावर अक्षरांनी लिहिलेले असते. ऊन लागले की शेजारची दोन अक्षरे एकमेकांस चिकटतात. तुमच्यात, माझ्यात, मिठागरावरच्या मजुरात, रोज चिकटतात.”

राणीने पुसिले, “मग आम्हांस काही का होत नाही?”

“दुरुस्ती होते म्हणून. पेशीतली काही प्रथिने बिघाड हुडकतात, तेवढा तुकडा कापून टाकतात, आणि समोरच्या पदरावरून वाचून नवा भरतात. लाडूबाईंच्या पेशींत त्यांपैकी एक प्रथिन नीट बनतच नाही. चुका साठत जातात, आणि एखादी पेशी लगाम सोडून वाढत सुटते. ती गाठ कर्करोगाची होती. पुन्हा येतील. उन्हापासून राखाल तितक्या कमी येतील.”

“सारा दोष माझाच ना?” गजराबाई म्हणाल्या.

“निम्मा तुमचा, निम्मा राजेसाहेबांचा. एकाकडूनच बिघाड आला तर दुसऱ्याची चांगली प्रत काम भागवते. हिला दोन्हींकडून आला. तुम्ही दोघे एकाच आजा-आजींची नातवंडे. बहुधा त्या घरातून तो राणीसाहेबांच्या वडिलांत आला, आणि,” असे म्हणून सरलाबाईंनी थोरल्या बाईसाहेबांकडे पाहिले, “या त्यांच्या सख्ख्या भगिनी.”

गजराबाईंच्या तोंडाशी शब्द आला होता आणि तो बोलण्याचा हक्कही होता, परंतु त्यांनी पाहिले की समोर सासू नाही, बापाची बहीण बसली आहे, आणि तिचा चेहरा बापासारखाच पडला आहे. मग त्या इतकेच म्हणाल्या, “आत्याबाई, पाणी घ्या.” लग्नानंतर त्या नावाने त्यांनी प्रथमच हाक मारिली. आणि मग राजांकडे वळून म्हणाल्या, “पोर दुपारी बुरुजावर जाणार नाही. तिला वारस म्हणावयाचे असेल तर रयतेस दिवेलागणीस बोलवावे. नसेल तर मी तिला घेऊन जाते.”

राजे प्रथमच बोलिले, “लोक काय म्हणतील?”

तोच थोरल्या बाईसाहेब उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “लोकांस मी सांगेन.”

मग माघ शुद्ध सप्तमीस सूर्य पाण्यात बुडाल्यावर मशाली लागल्या, मिठागरांची रयत बुरुजाखाली जमली, आणि थोरल्या बाईसाहेबांनी सर्वांदेखत सांगितले, “पोरीचे दुखणे माझ्या माहेरचे आहे. सुनेस बोल लावला तो मी चुकीचा लाविला.” आणि नातीस हाती धरून गादीवर बसविले. लाडूबाईंनी आईस हळूच पुसिले, “आईसाहेब, एवढी माणसे रोज कोठे असतात?” राणी म्हणाल्या, “उन्हात, बाळ.” आणि पहिला मुजरा जाहला.

येणेप्रमाणे वर्तले. राजांनी दुसरे लग्न केले नाही. लाडूबाईंनी पुढे गादी चालविली, बहुत गाठी काढविल्या, एक डोळा गेला, आणि तिशीत देह ठेविला. गजराबाई शेवटपर्यंत उशाशी होत्या. सांप्रत गादीवर दूरच्या भाऊबंदांपैकी वारस आहेत, प्रकृतीने ठणठणीत, दिवसभर उन्हात घोडा फेकितात. तथापि सप्तमीचा मुजरा अद्याप दिवेलागणीसच होतो. का म्हणून पुसता मानकरी सांगतात की, पहिल्यापासून असेच आहे.