पुसलेले तीन ठिपके

ताम्हणेबाई रोज सकाळी दारात रांगोळी काढतात, पण कमळ नाही की स्वस्तिक नाही. त्या काढतात फुलाच्या पोटातला, बी जिथे धरतं तो भ्रूणकोष! सोमवारी लंबगोलात एक मोठा ठिपका, म्हणजे एक पेशी. मंगळवारी त्या पेशीच्या चार होतात. बुधवारी त्यांतल्या तीन बाई अंगठ्याने पुसतात. उरलेल्या चौथीत पुढे दोन, चार आणि शनिवारी आठ केंद्रकं. रविवारी सुट्टी.

बाई दिल्लीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. फरीदाबादला आमच्या मजल्यावर त्या भाड्याने एकट्याच राहतात. शिकवणं काही सुटलेलं नाही. दूधवाला असो की धोबी, रांगोळीकडे नजर गेली रे गेली की त्याला अख्खा धडा, आणि शेवटी, "कोई शंका?"

गेल्या बुधवारी नको ते झालं. समोर नव्याने आलेल्या चौधरी आंटींनी बाईंना ठिपके पुसताना पाहिलं. आमच्या मजल्यावर घरं चार, त्यात आंटींची सून गरोदर. त्यांनी सोसायटी डोक्यावर घेतली. "चार घर हैं, तीन मिटा दिए! टोना है ये!"

सेक्रेटरी धावत आले. बाईंच्या घरमालकाला फोन लागला. "महीने भर में खाली कराओ," तो स्पीकरवर ओरडला. या वयात एकट्या बाईला दुसरं घर कोण देणार?

बाई मात्र वर्गात उभ्या असल्यासारख्या शांत. "तीन अपने आप मिटते हैं, बहनजी. चौथे को जगह चाहिए ना! कोई शंका?"

शेवटी सेक्रेटरींनीच घरमालकाला समजावून तोड काढली. रांगोळी बंद, तर घर राहील. बाईंनी फडकं आणून उंबरा स्वतःच पुसला.

"सुटलात, बाई!" मी म्हणालो.

"सुटले कसली? ते ठिपके बघायला माणसं थांबायची रे. एरवी माझ्या दाराशी कोण थांबतं?"

मला फार वाईट वाटलं.

गुरुवारी सकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे चहाला गेलो. उंबरा कोरा होता. आमचे कप अर्धे होतात न होतात तोच बेल वाजली. दारात आंटींची सून, कमरेवर हात ठेवून, धापा टाकत.

"आंटी, मम्मीजी मंदिर गयी हैं," ती हळूच म्हणाली. "फिर उस चौथे का क्या हुआ?"

बाई एकदम माझ्यावर खेकसल्या, "बसलायस काय असा? ऊठ, तिला खुर्ची दे!"