झोपेत चालणारी गाडी

काटकोनरावांनी टेप लावून पाहिला आणि ते जागच्या जागी थिजले. जेवणाआधी भिंतीपासून बरोबर दीड फुटावर उभी केलेली पिकअप आता एक फूट दहा इंचांवर उभी होती. त्यांनी टेप पुसला, पुन्हा लावला. एक फूट दहा. शिवाय मागचं चाक पुढच्यापेक्षा चार बोटं भिंतीकडे. तिरकी वस्तू दिसली की या सुताराला अन्न गोड लागत नसे. म्हणून तर त्यांचं खरं नाव विसरून सगळे त्यांना काटकोनराव म्हणत.

"हँडब्रेक सुटतोय," ते घरात येऊन बायकोला म्हणाले.

"असं होय," ती म्हणाली आणि भांडी लावत राहिली.

वर्षभरापूर्वी ही जुनी पिकअप विकत घेतली तेव्हा बायको एवढ्यावर थांबली नव्हती. "भाड्याचा टेम्पो काय वाईट होता? तो बिघडला तर टेम्पोवाला रडायचा. आता आपण रडायचं." मग तिने अट घातली. वर्षभरात दुरुस्तीचा खर्च टेम्पोच्या भाड्याच्या वर गेला, तर गाडी विकायची. काटकोनराव स्वतःच्या गाडीच्या तोऱ्यात होते. त्यांनी ती अट कानावरच्या पेन्सिलीने प्लायवूडच्या तुकड्यावर लिहून दिली, आणि बायकोने तो तुकडा कारखान्यात, त्यांच्या नाकासमोर खिळ्याला टांगला.

तोरा पहिल्या तीन महिन्यांतच उतरला. आधी क्लच प्लेट गेली. मग सागवान जास्त भरल्यामुळे मागचे स्प्रिंगचे पाटे बसले. पुढे ब्रेक, बॅटरी, आणि मग सेन्सर. समोरच्या पडद्यावरचा एक दिवा विझवला की त्याचा भाऊ पेटायचा. तरी काटकोनरावांचा जीव त्या गाडीत होता. आयुष्यभर दुसऱ्याच्या टेम्पोत, ड्रायव्हरच्या मर्जीने कपाटं नेलेली. आता चावी स्वतःच्या खिशात होती. प्लायवूडवर दुरुस्तीचा आकडा टेम्पोच्या आकड्याला टेकायला आला होता, पण अजून टेकला नव्हता. वर्ष संपायला महिना उरला होता आणि नेमक्या त्याच वेळी गाडीला ही नवी दुखणी लागली.

गॅरेज दोन गल्ल्या सोडून होतं. मेकॅनिकने हँडब्रेक ओढून पाहिला, सोडून पाहिला.

"चांगला आहे की."

"मग गाडी सरकते कशी? आणि ही सीट बघा. आपोआप पुढे येते. माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात. वर्षभर लागत नव्हते."

"तुमचे पाय वाढले असतील."

"या वयात?"

मेकॅनिक घाईघाईने गाडीखाली शिरला. त्याचं तिथे काय काम होतं ते कळलं नाही, कारण सीट वर होती. बाहेर आला तेव्हा काटकोनरावांनी आरशाचीही तक्रार सांगितली. आरसा रोज खाली कलतो, त्यात रस्त्याऐवजी आपलं पोट दिसतं. डिझेलही कुठेतरी मुरतं.

"बरं, किती झाले?"

"राहू द्या."

"काय राहू द्या?"

"पैसे. घरचंच काम आहे."

याच माणसाने काटकोनरावांना एकदा नुसतं बोनेट उघडून आत बघून 'अरेरे' म्हणण्याचे पैसे लावले होते. डॉक्टरने फी नाकारली की नातेवाइकांनी काय ते समजून घ्यायचं असतं. घरापर्यंत त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच, अगदी जपून आणली.

पण खरा हादरा वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात बसला. धूर स्वच्छ ठेवायला या गाडीत निळ्या झाकणाच्या टाकीत युरियाचं पाणी घालावं लागतं. ते संपत आलं की समोरच्या पडद्यावर आकडा येतो: आणखी इतके किलोमीटर, मग इंजिन सुरू होणार नाही. त्या दिवशी जेवणाआधी आकडा होता चारशे. काटकोनराव रोजच्यासारखे जेवले. रोजच्यासारखे एक ते तीन कारखान्यामागच्या भुशाच्या पोत्यांवर, कानांत कापसाचे बोळे घालून झोपले. वीस वर्षांची ही रीत. त्या दोन तासांत त्यांना कुणी उठवत नसे. उठून गाडीत बसले तर आकडा तीनशे अठ्ठ्याहत्तर.

ते घरात आले तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गाडी झोपेत चालते," ते म्हणाले.

बायकोच्या हातातली सुरी थांबली. "काहीतरीच बोलता. विजेवरचे आकडे ते, त्यांना काय अक्कल."

"बावीस किलोमीटर चालली. उभ्या उभ्या."

"चालली तर चालली. जुन्या वस्तूला जरा सांभाळून घ्यावं."

काटकोनरावांनी मनात हिशेब मांडला. जिने पाटी टांगली, तीच आता गाडीची बाजू घेत होती. याचा अर्थ एकच. तिला आपली कीव येते. तिने कडाक्याचं भांडण केलं असतं तर त्यांनी गाडी हट्टाने ठेवलीही असती, पण कीव त्यांना झेपली नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी रोपवाटिकेच्या मालकाला फोन केला. त्याला कुंड्या न्यायला गाडी हवीच होती. शुक्रवारी दीड वाजता येतो म्हणाला.

शुक्रवारी काटकोनरावांनी गाडी दीड फुटावर सरळ उभी करून तिथेच धुतली. टायरसुद्धा पुसले. मग बोनेटवर हात ठेवून थोडा वेळ थांबले. गिऱ्हाईक येणार हे बायकोला सांगायचं धैर्य काही झालं नाही. ताटात अर्धी भाकरी राहिली, झोप मात्र सवयीने लागली.

कुणीतरी खांदा हलवला. कापसाचे बोळे काढले तर समोर रोपवाटिकावाला.

"गाडी कुठाय?"

"भिंतीपाशी."

"तिथे नुसती भिंत आहे."

ते अनवाणीच धावले. ओल्या जमिनीवर चार टायरांच्या कोरड्या खुणा होत्या आणि मध्ये एक कोरडा चौकोन. गाडी नव्हती. पुढे रस्त्याला चांगला उतार होता. "हँडब्रेक," एवढंच त्यांच्या तोंडून आलं. उताराच्या शेवटी बाजार होता, माणसं होती.

तेवढ्यात त्याच उतारावरून पिकअप वर येताना दिसली. मागे प्लायवूडच्या बारा शीट, दोरीला काटकोनराव मारतात तशीच गाठ. शेजारच्या सीटवर मेकॅनिक आणि स्टिअरिंगवर त्यांची बायको. तिने आरशात पाहिलं, गाडी एका दमात मागे घेतली, भिंतीला लावली आणि इंजिन बंद केलं.

काटकोनराव अनवाणीच गाडीपाशी गेले. त्यांनी खिशातून टेप काढला. पुढच्या चाकापाशी दीड फूट. मागच्या चाकापाशी दीड फूट.

"आज जमलं बाई," बायको खाली उतरत म्हणाली. "लायसन्स परवाच आलं. उद्या सांगणार होते, वर्ष पुरं झाल्यावर."

"कधीपासून हे?"

"सव्वा महिना. विकली तर काय किंमत येईल ते विचारायला यांना बोलावलं होतं. हे म्हणाले, वहिनी, जरा पुढे घ्या, खालून बघतो. मी बसले." तिने घरातली जादा चावी पदराच्या टोकाला बांधली. "वरून सगळा रस्ता दिसतो हो. तुम्ही कधी बोलला नाहीत."

मेकॅनिकने मान खाली घातली. "मला शप्पथ घातली होती. पण सीटचे पैसे घेतले का मी? जे बिघडलंच नाही त्याचे कसे घेणार?"

रोपवाटिकावाला गोंधळला. "मग गाडीत दोष काय? आणि विकायची आहे की नाही?"

बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं की काटकोनराव टेप गुंडाळू लागले.

"विकायची?" ती म्हणाली. "हिशेब अजून आमच्या बाजूने आहे, आणि आजचं टेम्पोचं भाडंही वाचलं." ती कारखान्यात गेली, खिळ्यावरचा तुकडा काढला, त्यांच्या कानावरची पेन्सिल घेतली आणि मागच्या कोऱ्या बाजूला नवी अट लिहिली: सीटला हात लावायचा नाही. मग तुकडा पुन्हा त्याच खिळ्याला टांगला.

आता काटकोनराव गुडघे जवळजवळ हनुवटीशी घेऊन कपाटं पोचवतात. सिग्नलला शेजारच्या गाडीतलं कुणी वाकून बघितलं, तर काच खाली करून सांगतात, "पाय वाढलेत. या वयात."